प्रोसेसर का दमला?

२०१३ साली विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली वापरणाऱ्या अनेक संगणकांना एक विचित्र आजार जडला. संगणक सुरू करताच पंखा जोरात फिरू लागे, प्रोसेसरचा वापर १०० टक्क्यांवर जाई आणि साधे पत्र टाइप करणेही कठीण होई.

निदान कसे करायचे? ‘टास्क मॅनेजर’मध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव सर्वांत वर दिसे. पण हा म्हणजे वाडा. त्यात अनेक सेवा बिऱ्हाडकरूंसारख्या राहतात. गोंगाट नेमका कोणत्या खोलीतला? प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो. येथेही तसेच केले, तर ‘ऑटोमॅटिक अपडेट्स’ बंद करताच प्रोसेसर शांत होई. दुखणे दुरुस्त्या शोधण्याच्या कामातच होते.

एक्सपी २००१ सालची. तिच्यातील इंटरनेट एक्स्प्लोररसाठी वर्षानुवर्षे दुरुस्त्या निघत गेल्या. नवी दुरुस्ती जुनीची जागा घेई, त्या जुनीने तिच्याही आधीचीची घेतलेली असे. कोणती दुरुस्ती हवी हे ठरवताना संगणक ही सारी साखळी तपाशी आणि वाढलेल्या प्रत्येक कडीमागे तपासणीचा वेळ दुप्पट होऊ शके.

दुपटीचा हिशोब आपण करून पाहू. दहा वेळा दुप्पट केले की १ चे १,०२४ होतात; वीस वेळा केले की १०,४८,५७६. साखळी आखूड होती तोवर दोष कुणाला जाणवला नाही. बरे, दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला असता तर? फक्त एक जादा कडी सोसली असती!

अपडेट्स बंद ठेवावीत, तर संगणक पळे, पण व्हायरसना दार उघडे राही. चालू ठेवावीत, तर कामच थांबे. या पेचातून सुटका जानेवारी २०१४ मध्ये झाली. मायक्रोसॉफ्टने यादीतील कालबाह्य दुरुस्त्या रद्द केल्या आणि साखळ्या आखूड झाल्या. घरोघरच्या यंत्रांना हात लावावा लागला नाही. पुढे ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा नियमित आधारच संपला.

घातांक शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. यंत्र मंद झाले की आपण यंत्राला दोष देतो. पण पद्धतच दुपटीने वाढणारी असेल, तर कोणतेही यंत्र तिला फार काळ पुरे पडत नाही.