गृहपृष्ठाची मांडणी आणि मराठी अक्षर

गेल्या शतकाच्या अखेरच्या पाचसहा वर्षांत ज्यांनी इंटरनेटवर स्वतःच्या नावाचे एखादे पान उभारले, त्यांच्या वाट्याला आज बहुधा थट्टाच येते. काळ्या भुईवर पिवळी अक्षरे, कोपऱ्यात गरगर फिरणारा पृथ्वीचा गोळा, खाली फावडे घेतलेल्या मजुराची 'काम चालू आहे' अशी पाटी, आणि आजवर किती जण येऊन गेले हे सांगणारा आकडा. आजच्या सरावलेल्या डोळ्याला हा सारा थाट जत्रेतल्या पाळण्यासारखा भडक वाटतो. तो भडक होता हे मीही नाकबूल करीत नाही. परंतु ज्याला आपण त्या कर्त्याची आवड समजतो, तिच्यातली निम्मी तरी त्याची अडचण होती. आणि कर्ता मराठी असला तर सर्वांत मोठी अडचण अक्षराची होती. रंगाचा विचार त्यानंतरचा.

हे नीट कळावयास थोडे मागे जावे लागेल. टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनेव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ती जगापुढे ठेवली. त्याचे पहिले पान अगदी साधे होते. पांढऱ्यावर काळी अक्षरे आणि दुसऱ्या पानांकडे नेणारे दुवे, बस्स. त्यामागची कल्पना मात्र मोठी उदार होती. लेखकाने 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद' एवढेच सांगावे. ते किती मोठे आणि कोणत्या वळणाचे दिसावे हे वाचणाराच्या यंत्राने ठरवावे. म्हणजे कीर्तनकाराने आख्यान सांगावे आणि बसावयाला घोंगडे घालावे की सतरंजी, हे यजमानावर सोपवावे, तसे.

१९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मोझेक नावाचा ब्राउझर तयार झाला आणि अक्षरांच्या ओळींतच चित्रे दिसू लागली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९९४ मध्ये, जस्टिन हॉल नावाच्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने आपले स्वतःचे पान उघडले आणि त्यावर घरच्या, मनातल्या, खाजगी म्हणाव्यात अशा गोष्टी लिहावयास आरंभ केला. वैयक्तिक गृहपृष्ठ म्हणून ज्याचा इतिहासात उल्लेख होतो, त्या प्रकाराची ही अगदी आरंभीची उदाहरणे. त्यापाठोपाठ जिओसिटीज आली. तिथे फुकट जागा मिळे आणि जागेचे पत्तेही गमतीचे होते. चित्रपटांवर लिहिणारा हॉलिवुडात, संगणकवाला सिलिकॉन व्हॅलीत, आणि साहित्य, शिक्षण, तत्त्वज्ञान असल्या गोष्टींत रमणारा अथेन्सच्या आळीत!

इकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेटची दारे सामान्यांना उघडली. विद्यार्थ्यांना जे स्वस्त खाते मिळे त्यात नुसती अक्षरे दिसत. चित्र असेल तिथे चित्राऐवजी कर्त्याने लिहून ठेवलेला एखादा शब्द दिसे. ज्याने तो शब्द लिहिला नसेल त्याच्या पानावर नुसते भगदाड. ज्यांना चित्रे दिसत त्यांचीही तऱ्हा फारशी वेगळी नव्हती. सेकंदाला १४.४ किलोबिट वेगाचा मोडेम म्हणजे उत्तम चालला तर सेकंदाला १.८ किलोबाइट. छत्तीस किलोबाइटांचे एक चित्र उतरावयास वीस सेकंद लागणार, आणि तेवढा वेळ टेलिफोनचे मीटर फिरत राहणार. आमच्या सुप्यासारख्या ठिकाणाहून तो फोन एस.टी.डी.च पडावयाचा. तेव्हा चित्र लहान ठेवणे, रंग कमी ठेवणे, एकच बोटभर नक्षीचा तुकडा घेऊन तो फरशीसारखा पानभर पसरणे, ही वाचणाराच्या खिशाची काळजी होती. पुष्कळांच्या संगणकांना एका वेळी २५६ च रंग दाखविता येत; त्यातले सर्वत्र सारखे दिसतील अशी खात्री २१६ रंगांचीच. ते पिवळे आणि ते निळे त्या २१६ मधले होते.

आता अक्षराकडे येऊ. बर्नर्स-लीची ती उदार कल्पना इथे पार कोलमडली. अक्षराचे वळण वाचणाराच्या यंत्राने ठरवावे हे ठीक, पण त्या यंत्रात देवनागरी अक्षरच नसेल तर? यजमानाच्या घरी घोंगडेही नाही आणि सतरंजीही नाही. मग मराठी कर्त्यापुढे दोन-तीन वाटा उरत. पहिली सोपी : मराठी मजकूर रोमन लिपीत लिहावयाचा. हे पान सर्वांना उघडे आणि वजनाला हलके; पण 'मन' आणि 'मान', 'कळ' आणि 'काळ' ह्यांतला भेद वाचणाराने संदर्भाने ओळखावा. अविनाश चोपडे ह्यांनी नव्वदच्या दशकात सिद्ध केलेली 'आयट्रान्स' ही पद्धत ह्याच वाटेवरची, पण शिस्तीची. रोमन अक्षरे ठराविक नियमाने टंकावयाची आणि आज्ञावलीने त्यांची देवनागरी करून द्यावयाची.

दुसरी वाट, मजकूर आपल्या संगणकावर देवनागरीत उमटवून त्याचे चित्रच पानावर लावणे. ही युक्ती मराठीला नवीन नव्हती. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पहिले मराठी पंचांग छापले ते शिळेवर, म्हणजे आख्खे पान हाताने लिहून त्याचा ठसा घेऊन. अक्षर वळणदार येई, जोडाक्षराची अडचण नाही. पण त्यांतला एक शब्द उचलून दुसरीकडे लावता येत नाही. तेच गणपत कृष्णाजी पुढे स्वतः खिळे पाडावयास लागले, आणि १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर काढून मराठी खिळ्याला त्याचे रूप दिले. चित्राचे पान आणि अक्षराचे पान हा झगडा दीडशे वर्षांनी काचेच्या पडद्यावर पुन्हा खेळला गेला, एवढेच. चित्रातले मराठी शोधयंत्राला दिसत नाही, आंधळ्याच्या वाचकयंत्राला ऐकू येत नाही, आणि एका पानाच्या मजकुराचे चित्र पाहता पाहता मोडेमची दमछाक होते.

तिसरी वाट फॉन्टची, आणि बहुतेक मराठी पाने हिनेच गेली. इथे थोडे बारकाईने सांगितले पाहिजे. त्या काळच्या फॉन्टात २५६ घरे असत. ती मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेली. मराठी कारागिराने त्या घरांतली रोमन अक्षरे उठवून तिथे अर्धे व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी अशी आपली मंडळी बसविली. कोणाला कुठे बसवावयाचे ह्याला धरबंद नव्हता. शिवाजी फॉन्टाची बैठक एक, किरणची दुसरी, श्रीलिपीची तिसरी. हिंदीतल्या प्रसिद्ध कृतिदेव फॉन्टात 'भारत' हा शब्द यंत्राच्या पोटात एच, के, के, जे, आर ह्या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने राही. फॉन्ट जवळ असेल तर पडद्यावर 'भारत'. नसेल तर पाच निरर्थक अक्षरे. म्हणून त्या पानांच्या माथ्यावर, बहुधा इंग्रजीत, अशी एक ओळ असे की आधी अमुक फॉन्ट उतरवून घ्या आणि मग वाचा. मोठ्या वर्तमानपत्रांची पानेही तेच सांगत. घरोघरच्या वाचकाच्या यंत्रात दहा वृत्तपत्रांचे दहा फॉन्ट! १९९७ च्या सुमारास पानाबरोबर फॉन्ट आपोआप पाठविण्याची सोय निघाली, पण नेटस्केपची पद्धत निराळी आणि मायक्रोसॉफ्टची निराळी. कर्त्याने दोघांची सोय करावी, नाहीतर निम्मे वाचक सोडावे.

ह्याचा चटका मलाही बसला आहे. माझ्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित मी नगरच्या एका दुकानात डी.टी.पी. करून घेतले आणि फ्लॉपी घेऊन एका छापखान्यात गेलो. तिथल्या संगणकावर सव्वादोनशे पाने उघडली ती सारी रोमन अक्षरांची रांगोळी होऊन. दोन्हीकडचे लोक सचोटीचे होते, काम नीटच केले होते. फॉन्ट तेवढे वेगळे. कादंबरी पुन्हा पहिल्यापासून टंकावी लागली. वेलांटीचा घोळ तर विचारूच नका. फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी बसते, कारण डोळ्याला ती आधी दिसते. मुलांना मी वर्गात नेमके उलटे शिकवितो : आधी क, मग त्याचा इकार.

मौज अशी की ह्या रोगाचे औषध रोगाच्या वर्षीच निघाले होते. ज्या १९९१ साली वेब जगापुढे आले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तीत देवनागरीला तिची स्वतंत्र घरे मिळाली. ती घरे भारतानेच १९८८ मध्ये आखलेल्या इस्की संकेतावर बेतली होती. तिथे 'कि' म्हणजे आधी क आणि मग इकार, अगदी शाळेसारखे. पण ही घरे सामान्य माणसाच्या संगणकात पोचावयास २००० साल उजाडले. त्या वर्षी आलेल्या विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट होता. तो रेखणारे र. कृ. जोशी मराठीतले कवी आणि सुलेखनकार होते. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीतही देवनागरीची सोय मुद्दाम चालू करून घ्यावी लागे, हा भाग वेगळा. शिवाय ह्या फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येत. मराठी डोळ्याला ते परके वाटत, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा असा निर्णय काढला, तरी पडद्यावर आजही बऱ्याच ठिकाणी दंडाचाच ल दिसतो.

म्हणजे १९९६ साली, ज्या साली अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी गणेशचतुर्थीला 'मायबोली' सुरू केली, त्या साली पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसून आपले मराठी पान आखणाऱ्या माणसाला निवड करावी लागे ती वाचकाची. रोमन घेतले तर सगळे येणार, पण भाषा लंगडत येणार. चित्र घेतले तर भाषा ठसठशीत, पण खिसा हलका असणारा परत जाणार. फॉन्ट घेतला तर ज्याला खटपट करावीशी वाटते तेवढाच आत येणार. पानाच्या तळाशी तो आकडा आणि पाहुण्यांची वही का असे, ते मला ह्यावरून उमगते. कोणी आत आले की नाही, हे कळण्याचा तोच सहज मार्ग होता.

जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. बंद होण्यापूर्वी काही हौशी स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढी पाने उतरवून घेता आली तेवढी घेतली. त्यांचा साठा सुमारे ६४० गिगाबाइटांचा भरला. असल्या संग्रहांत आज मराठी पान हाती लागले तर रोमनमधले सरळ वाचता येते. चित्राचे पान, चित्र उतरले असेल तरच. फॉन्टाचे पान मात्र त्याच जुन्या निरर्थक अक्षरांनी समोर उभे राहते. त्याचे युनिकोडात रूपांतर करणाऱ्या आज्ञावली आता आहेत, पण आधी त्यांना सांगावे लागते की फॉन्ट कोणता. ते नाव पानाच्या पोटात, दर परिच्छेदाच्या आरंभी, कर्त्याने स्वतः टंकून ठेवलेले असते. ज्याने कंटाळा करून ते एकदाच वर लिहिले आणि ती ओळ उतरविताना गळाली, त्याचे पान उलगडावयास एकेक फॉन्ट लावून पाहावा लागतो.