नैराश्य, जनुके आणि प्रतिकारशक्ती

मनाच्या आजाराचा रक्ताशी संबंध असू शकतो, ही शंका बळावली ती यकृताच्या रुग्णांमुळे. हेपटायटिस-सीवर इंटरफेरॉन-अल्फा हे विषाणूविरोधी प्रथिन टोचले जाई. काही आठवड्यांतच अनेकांना नैराश्य घेरी.

२०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ४६३ नैराश्यग्रस्त आणि ४५९ निरोगी व्यक्तींच्या रक्तातील आरएनए तपासला. नैराश्यग्रस्तांमध्ये इंटरफेरॉनशी निगडित जनुके किंचित अधिक सक्रिय आढळली. जनुके तीच, फक्त त्यांचे काम वाढलेले.

महाराष्ट्रात नैराश्याची मेंदूकडील बाजू, म्हणजे बालवयातील ताणाचा मेंदूवरचा परिणाम, मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अभ्यासली गेली. तिथल्या विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेत उंदरांची पिल्ले जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज काही तास आईपासून दूर ठेवली गेली. या ताणाची खूण मेंदूतील हिप्पोकॅम्पसमध्ये राहिली: चेतापेशींना पोसणाऱ्या बीडीएनएफची पातळी तरुणपणी वाढली आणि मध्यमवयात घसरली. तारुण्यातला लाभ भुलवणारा ठरला!

मग पुन्हा रक्ताकडे वळू: प्रतिकारशक्ती चेतल्याने होणारा दाह शमवला की नैराश्य हटेल? उत्तर इतके सरळ नाही. अटलांटात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांपैकी निम्म्यांना इन्फ्लिक्सिमॅब हे दाहरोधक दिले गेले. सरसकट फायदा दिसला नाही. रक्तात दाहदर्शक सीआरपी मुळातच जास्त असलेल्यांना मात्र तो झाल्याचे संकेत मिळाले.