पत्ता नसलेली खाण

वणीकडच्या माणसापुढे ‘खाण’ हा शब्द उच्चारला तर तो त्याला समजावून सांगावा लागत नाही. घुग्घुसच्या रस्त्याने ताडपत्र्या बांधून जाणारे ट्रक, त्यांच्यामागे उडणारी काळी धूळ, सकाळी अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर दुपारपर्यंत बसलेली तिची झाक, सुरुंगाच्या वेळी खिडक्यांच्या तावदानांना सुटणारा कंप, आणि संपादित जमिनीच्या मोबदल्यापायी कचेरीत वर्षानुवर्षे घातलेले हेलपाटे, एवढा सगळा संसार त्या दोन अक्षरांत सामावलेला आहे. उकणी, मुंगोली, निलजई, घोन्सा, राजूर ही खाणींची नावे म्हणून आज सर्वतोमुखी असली तरी ती मुळात गावांची नावे आहेत. कारण खाणीला शीव असते, गट क्रमांक असतो, आणि ती कोणाच्या शेतातून गेली हे सांगणारा म्हातारा गावात अद्याप जिवंत असतो.

अशा मुलखात जन्म काढलेले एक निवृत्त शिक्षक तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले, आणि इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनी चष्मा पुसून आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक पिवळे नाणे गरगर फिरत होते, त्याखाली खाणकाम चालू असल्याची इंग्रजी अक्षरे लुकलुकत होती, आणि दशांशचिन्हाच्या उजवीकडचा सातवा-आठवा अंक दर दोन-तीन सेकंदांनी वाढत होता. परदेशात कोठे तरी मोठमोठी संगणकयंत्रे रात्रंदिवस बिटकॉइन खणून काढीत आहेत, त्या यंत्रांच्या शक्तीचा एक हिस्सा आपण भाड्याने घ्यावा आणि निघेल त्यातला वाटा घरबसल्या पदरात पाडून घ्यावा, या व्यवहाराला ‘क्लाउड मायनिंग’ म्हणतात, असे त्यांना पुतण्याच्या ओळखीतल्या कोणी तरी पटवून दिले होते. निवृत्तीच्या रकमेतून चाळीस हजार रुपये त्यांनी भरलेले होते. आणखी दोन लाख भरावेत की काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. “हे खरं आहे काय जी, भाऊ?” त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही, कारण हाच प्रश्न या जिल्ह्याने गेली दीडशे वर्षे निरनिराळ्या धंद्यांना विचारलेला आहे, आणि त्याचे उत्तर मिळवण्याच्या काही रीतीही त्याने आपल्या खर्चाने घडवलेल्या आहेत.

1853 च्या तहान्वये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या अमलाखाली आला, पुढे 1864 साली त्याच्या आग्नेय भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला, तो वणी जिल्हा या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि 1905 च्या फेररचनेत पुसद तालुका त्यास जोडला जाऊन त्याचे नाव यवतमाळ झाले. या काळ्या जमिनीकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले ते अमेरिकेतील यादवी युद्धाने. 1861 ते 1865 या चार वर्षांत तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, मुंबईत कापसाचे भाव कल्पनेपलीकडे चढले, आणि ज्या वस्तूला कालपर्यंत गावच्या बाजारात मोल होते तिचा दर आता समुद्रापलीकडून ठरू लागला. भाव चढला तसे पापही चढले. गाठींत पाणी मारणे, सरकी आणि माती मिसळणे, वर लांब धाग्याची रुई पसरून आत टाकाऊ माल भरणे, हे प्रकार इतके माजले की मुंबई सरकारास 1863 साली कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. त्याच सुमारास मुंबईत समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे रोखे, जमीन डोळ्यांना दिसण्यापूर्वीच, दसपटीच्या गोष्टी करीत हातोहात फिरत होते. युद्ध थांबल्याची वार्ता आली, 1 जुलै 1865 हा वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला, आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. न दिसणाऱ्या मालमत्तेवरचा कागद किती दूरवर फिरू शकतो आणि किती थोड्या दिवसांत रद्दी होतो, याचा आपल्या प्रांताला मिळालेला तो पहिला मोठा धडा होय.

कागदावरचा व्यवहार म्हणजे लबाडी, असे मात्र आपल्या पूर्वजांनी कधी मानले नाही, आणि हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मुंबईच्या पेढीवरची हुंडी वऱ्हाडातल्या बाजारात निःशंकपणे चाले. दर्शनी हुंडी दाखवताच वटवावी लागे, मुदती हुंडीला दिवसांची मर्यादा असे, माल सुखरूप पोचला तरच जिचे पैसे द्यायचे ती जोखमी हुंडी निराळी. परंतु या सगळ्यांत मला थोर वाटते ती शाहजोग हुंडी. ती आणून देणाऱ्या कोणाही वाटसरूस पैसे मोजावयाचे नसत. बाजारात ज्याची पत आहे, ज्याचे दुकान, घर आणि वडिलांचे नाव चार लोकांस ठाऊक आहे, अशा ‘शाहा’च्या हातूनच ती वटली पाहिजे, हा तिचा करार असे. उद्या हुंडी खोटी ठरली, चोरीची निघाली, तर जाब विचारावयास एक मनुष्य गावात हजर असावा, ही त्यातली योजना. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून देत, तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’. म्हणजे कागद हरवला तरी जबाबदारी हरवू द्यायची नाही, एवढी दक्षता त्या निरक्षर म्हणवल्या जाणाऱ्या काळाने बाळगलेली होती.

या दक्षतेला कायद्याचे रूप देण्याचा मानही वऱ्हाडाकडेच जातो, आणि तो आपण विसरून गेलो आहोत याचे मला वाईट वाटते. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमान्वये 1886 साली कारंज्याचा कापूसबाजार नियंत्रित झाला. आपल्या दारव्हा तालुक्याच्या शेजारचे हे गाव हिंदुस्थानातील नियमित बाजारांचे मूळपीठ समजले जाते. 1897 साली वऱ्हाडाचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला, आणि वाटेल त्याने वाटेल तेथे बाजार मांडावा, वाटेल तो कडता कापावा, वाटेल तसले वजन वापरावे, या अनागोंदीस आळा बसण्याचा मार्ग खुला झाला. तो कायदा निर्दोष नव्हता. बाजारसमितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती, परंतु ज्याच्या घामाचा कापूस त्या शेतकऱ्याला तीत स्थान नव्हते, आणि 1928 सालच्या शाही शेतकी आयोगाच्या काळातही हे वैगुण्य चर्चेत होते. तथापि बाजार म्हणजे ज्याला हद्द आहे, ज्याचा परवानेदार अडत्या आणि मापारी नावानिशी दप्तरात नोंदलेला आहे, आणि ज्याच्याविरुद्ध फिर्याद कोठे गुदरावी हे ठाऊक आहे अशी जागा, ही व्याख्या त्या कायद्याने रूढ केली.

त्या व्याख्येचे मूर्त रूप पाहावयाचे असेल तर दिवाळीनंतर यवतमाळच्या किंवा पांढरकवड्याच्या बाजारात पहाटे जावे. व्यापारी गाडीवरच्या कापसाकडे वरवर पाहत नाही. तो कोपरापर्यंत हात आत खुपसतो, तळचा कापूस मुठीत धरून वर काढतो, ओलावा आहे की काय हे तळहाताला विचारतो, मग चार बोंडांतली रुई सरकीपासून सोडवून दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत हलकेच ताणतो आणि उजेडाकडे धरून धाग्याची लांबी पाहतो. त्यावेळी शेतकऱ्याची एक नजर व्यापाऱ्याच्या बोटांवर आणि दुसरी काट्यावर असते. दोघांचाही एकमेकांवर अविश्वास आहे, आणि तो उघड आहे. त्यात कोणाचा अपमान होत नाही. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्त्याची रीत आपल्याकडील बाजारांत दीर्घकाळ चालली, शेतकऱ्याची तीत लूटही झाली. पण त्या रुमालावर दोन माणसांचे चेहरे तरी दिसत असत.

कोळशाची कथा थोडक्यात सांगतो. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळशाचे सविस्तर वर्णन भूगर्भशास्त्रज्ञ ह्यूज यांनी 1877 साली प्रसिद्ध केले. नदीपलीकडची वरोऱ्याची सरकारी खाण त्याच दशकात चालू होती, ती 1906 साली बंद पडली. 1973 साली देशातील कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि आज वणी भागातील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या ताब्यात आहेत. या साऱ्या काळात खाणीवर अन्यायाचे आरोप झाले, अपघात झाले, गावे उठली. परंतु खाण आहे की नाही, असा संशय कधी कोणाला आला नाही. खाणीचा नकाशा ठेवणे कायद्याने बंधनकारक, व्यवस्थापकाची नेमणूक बंधनकारक, आणि रोज किती टन कोळसा निघाला हे वजनकाट्याच्या पावतीवर लिहिलेले.

आता आपण मास्तरांच्या पडद्यावरील खाणीकडे वळू. बिटकॉइनचे ‘खनन’ ही कल्पित गोष्ट नव्हे. व्यवहारांच्या नोंदींचा एकेक ठोकळा सुमारे दहा मिनिटांनी बंद होतो, तो बंद करण्यासाठी जगभरची यंत्रे एका गणिती शर्यतीत उतरतात, आणि जिंकणाऱ्यास ठराविक नाणी मिळतात. 2009 साली हे बक्षीस 50 नाण्यांचे होते. ते दर चार वर्षांच्या सुमारास निम्मे होत जाऊन 2016 साली 12.5 झाले, 2020 साली 6.25, आणि एप्रिल 2024 मध्ये 3.125. यंत्रे वाढली की गणित आपोआप अवघड होते. म्हणजे हा असा धंदा आहे की ज्यात त्याच यंत्राचे उत्पन्न, नाण्यांत मोजले तर, काळाबरोबर घटतच जाते. आणि या धंद्यात दरमहा ठरीव टक्क्यांचे वचन देणारा मनुष्य पहिल्या वाक्यातच असत्य बोलतो.

असे वचन महाराष्ट्रात दिले गेले होते. गेनबिटकॉइन या नावाने 2015 पासून चाललेल्या योजनेत, खननासाठी बिटकॉइन द्या आणि 18 महिने दरमहा 10 टक्के बिटकॉइनच घ्या, असा करार होता. परताव्याची वेळ आली तेव्हा 2017 मध्ये एमकॅप नावाचे योजनेचे स्वतःचेच नाणे लोकांच्या माथी मारण्यात आले. 2018 साली पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाज यास अटक केली. तो जानेवारी 2022 मध्ये मरण पावला. आणि देशभर पसरलेले गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये सीबीआयकडे सोपवले. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे 2017 च्या भावाने 6,600 कोटी रुपयांचे, म्हणजे सुमारे 80,000 बिटकॉइन लोकांकडून गोळा झाले. वऱ्हाडातला कोणताही कारकून जे त्रैराशिक मांडील ते येथे मांडून पाहावे. दिवसाला 144 ठोकळे, प्रत्येकी 12.5 नाणी, म्हणजे त्या काळी साऱ्या पृथ्वीवर दिवसाला 1,800 आणि महिन्याला 54,000 नाणी निघत होती. 80,000 वर दरमहा 10 टक्के म्हणजे 8,000. सगळ्या जगातल्या खननाच्या सातव्या हिश्श्याहून अधिक वाटा या एका योजनेच्या हाती असता तरच ते वचन पाळता आले असते. ती खाण कोठे होती? युक्रेन देशात खाणकेंद्र उभारण्यासाठी एकास 285 बिटकॉइन दिले गेले आणि तो व्यवहार तडीस गेलाच नाही, एवढे ईडीने सांगितले आहे.

परदेशांतही निराळे घडले नाही. एस्टोनियातील हॅशफ्लेअर या सेवेने हजारो लोकांना खननशक्ती विकली. तिच्या दोघा चालकांनी फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेतील न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि विकली तेवढी शक्ती देणारी यंत्रे तिच्यापाशी नव्हती, ग्राहकांच्या पडद्यावरचे वाढते आकडे बनावट होते, हे उघड झाले. मास्तरांच्या मोबाइलवर फिरणारे ते पिवळे नाणे मला त्यावेळी आठवले.

प्रामाणिकपणे यंत्रे भाड्याने देणारा जगात कोणीच नसेल, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याचे यंत्र खरोखर नाणी काढते त्याला ती स्वतःसाठी काढता येतात. मारेगावच्या निवृत्त शिक्षकाने चाळीस हजार भरावेत म्हणून त्याला मध्यस्थांची साखळी उभारण्याचे, आणि आणखी दोघांना आणले तर टक्केवारी देण्याचे प्रयोजन काय? ज्या योजनेत खनिजापेक्षा माणसे आणण्याचा मोबदला अधिक, तिचे खनिज म्हणजे ती माणसेच होत. यवतमाळातील बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये रद्द केला तेव्हा ठेवीदारांना काय सोसावे लागले ते शहराने पाहिले आहे; पण तेथे पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा होता, दप्तर होते, आणि जाब मागण्यासाठी लोक ज्याच्यापुढे उभे राहिले असा दरवाजा होता. ‘क्लाउड’मधल्या, म्हणजे मेघातल्या, खाणीला विमाही नाही आणि दरवाजाही नाही. क्रिप्टो-उत्पन्नावर एप्रिल 2022 पासून सरकार 30 टक्के कर घेते, यावरून सरकारने या योजनांना मान्यता दिली आहे असे दलाल सांगत हिंडतात. कर घेणे आणि हमी देणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

मास्तरांना मी त्या दिवशी एवढेच म्हणालो की ते दोन लाख भरू नका, आणि भरलेल्यापैकी पाच हजार परत काढून पाहा. त्यांनी प्रयत्न केला. आधी ‘पडताळणी शुल्क’ म्हणून तीन हजार भरा, असा निरोप आला. महिन्याभरात ते ॲपच उघडेनासे झाले. पोलिसांकडे ते चार महिने गेले नाहीत, कारण आयुष्यभर मुलांना गणित शिकवलेल्या माणसाला, आपण गणितात फसलो, हे ठाण्यात बसून सांगण्याची लाज वाटत होती. अखेर गेले तेव्हा अर्जातल्या आरोपीच्या पत्त्यापुढे लिहिण्यासारखे त्यांच्यापाशी बंद पडलेल्या एका भ्रमणध्वनी क्रमांकाखेरीज काही नव्हते.

या जिल्ह्यात त्यांच्यासारखे आणखी कितीतरी असतील, म्हणून ही विनंती आहे. ज्यांनी अद्याप पैसे भरले नाहीत त्यांनी, कापसात हात घालतो तसा, त्या योजनेच्या तळापर्यंत आधी हात घालून पाहावा. आणि ज्यांचे गेले आहेत त्यांनी लाजेपायी चार महिने दवडू नयेत. 1930 या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी ते गोठवले जाण्याची आशा तेवढ्याच काळापुरती असते.