मोठे मत्स्यालय : काच की ॲक्रिलिक?

दोन फुटांच्या टाकीत गप्पी, मॉली आणि गोल्डफिश पाळून झाले, की हौशी माणसाचे मन मोठ्या टाकीकडे ओढ घेऊ लागते. ऑस्कर, अरवाना किंवा डिस्कस यांसारखे मासे खुणावू लागतात आणि वाकड, रावेत, मोशी किंवा पिंपळे सौदागर येथील सदनिकेच्या दिवाणखान्यात भिंतीलगत सहा फुटी मत्स्यालय बसविण्याचा बेत आखला जातो. त्या वेळी पहिला प्रश्न उभा राहतो तो टाकी कशाची करावी, काचेची की ॲक्रिलिकची?

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा किंवा खर्चाचा नाही. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे 640 लिटर पाणी मावते. पाचव्या मजल्यावर हा साठा करताना चूक झाली, तर तिची झळ चौथ्या मजल्यावरील शेजाऱ्यालाही पोहोचते. म्हणूनच दोन्ही पदार्थांचे गुणदोष नीट समजून घेऊन मगच निर्णय करणे हिताचे ठरते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला हा प्रश्न अनोळखी वाटू नये. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणजवळच्या कुरुळी येथे मोटारींच्या काचा तयार करण्याचा कारखाना आहे. कोणतीही मोटार पाहिली, तर तिच्या पुढच्या बाजूस काच आणि मागील दिव्याच्या लाल आवरणासाठी बहुधा ॲक्रिलिक वापरलेले आढळते. वायपरच्या सततच्या घर्षणाने ओरखडे पडू नयेत, म्हणून पुढे काच लागते. दिव्याच्या आवरणाला हवा तसा वळणदार आकार देता यावा आणि ते हलके असावे, म्हणून मागे ॲक्रिलिक चालते. मत्स्यालयाच्या बाबतीतही विचाराची दिशा हीच आहे. श्रेष्ठ पदार्थ कोणता यापेक्षा कोणत्या कामाला कोणता पदार्थ योग्य, हे पाहावे लागते.

दोन पदार्थ, दोन स्वभाव

वाळू, सोडा आणि चुना यांच्या मिश्रणातून काच तयार होते. वितळलेल्या कथिलावर वितळलेली काच तरंगत ठेवून सपाट तावदाने बनविण्याची 'फ्लोट' पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये जाहीर केली. आज बाजारात मिळणारी सपाट काच प्रामुख्याने याच पद्धतीची असते. ॲक्रिलिक हे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाचे पारदर्शक प्लॅस्टिक होय. 1930 च्या दशकात जर्मनी आणि ब्रिटनमध्ये ते बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पारदर्शक छतांसाठी त्याचा मोठा वापर झाला.

एकाच आकारमानाची काच ॲक्रिलिकच्या दुपटीहून अधिक वजनदार असते. ॲक्रिलिक आघात चांगला सोसते, त्यामुळे मुलांचा चेंडू लागला किंवा टाकीतला दगड आपटला तरी ते सहसा तडकत नाही. काच मात्र एका टोकदार आघाताने तडकू शकते. ताठपणाच्या बाबतीत चित्र उलटे आहे. सारख्याच जाडीची पट्टी घेतली, तर ॲक्रिलिक काचेपेक्षा सुमारे वीसपट अधिक वाकते. पाणी भरल्यावर ॲक्रिलिकच्या टाकीचा दर्शनी भाग किंचित फुगलेला दिसतो, तो यामुळेच. हा फुगवटा आटोक्यात ठेवण्यासाठी टाकीच्या वरच्या काठावर आतील बाजूने रुंद पट्टी जोडावी लागते. परिणामी वरचे तोंड अरुंद होते आणि मोठा मासा जाळीने काढताना किंवा तळाची सफाई करताना हात अडतो.

दाब ठरतो उंचीवर

टाकी लांब झाली की पाण्याचा दाब वाढतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एखाद्या बिंदूवरचा दाब तेथील पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. सहा फूट लांब आणि दोन फूट उंच दर्शनी भागावर पाण्याचा एकूण रेटा सुमारे सव्वातीनशे किलो येतो. हीच उंची अडीच फूट केली, तर तो पाचशे किलोंच्या पुढे जातो. उंची पावपट वाढते, पण रेटा निम्म्याहून अधिक वाढतो.

काचेची जाडी ठरविताना म्हणूनच उंची प्रथम पाहावी. सहा फूट लांबीच्या, वर आडव्या पट्ट्या असलेल्या टाकीसाठी दीड फूट उंचीला 10 मिलिमीटर, दोन फुटांना 12 मिलिमीटर आणि अडीच फुटांना 19 मिलिमीटर जाडीची काच घेतल्यास सुरक्षिततेला पुरेसा वाव राहतो. पैसे वाचविण्यासाठी जाडी एका पायरीने कमी करणे हा सर्वांत महागात पडणारा मोह होय. दोन फुटांच्या उंचीवर समाधान मानले, तर खर्च, वजन आणि धोका हे तिन्ही एकदम उतरतात.

'टफन्ड' काच अधिक बळकट असते हे खरे. परंतु एकदा टफन केल्यावर ती कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. गाळणीच्या नळासाठी छिद्र हवे असेल, तर ते आधीच करून घ्यावे लागते. शिवाय अशी काच फुटते तेव्हा संपूर्ण तावदानाचे बारीक तुकडे होऊन सारे पाणी एकदम बाहेर येते. साध्या काचेला तडा गेल्यास निदान पाणी उपसण्यास काही अवधी मिळण्याची शक्यता असते.

जोड हाच खरा कस

पूर्वीच्या टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीत पुट्टीने काचा बसवून केल्या जात. 1960 च्या दशकात सिलिकॉनचा वापर सुरू झाला आणि चौकटीविना काचेची टाकी शक्य झाली. काचेच्या टाकीचे बळ या सिलिकॉनच्या जोडावर असते. त्यासाठी बुरशीनाशक मिसळलेले, न्हाणीघरासाठीचे सिलिकॉन कदापि वापरू नये. ते माशांना घातक ठरते. जोड पूर्ण वाळण्यास मोठ्या टाकीत आठवडाभराचा अवधी द्यावा. पुढे गळती झाल्यास जुन्या सिलिकॉनवर नवा थर देऊन भागत नाही. नवे सिलिकॉन जुन्यावर नीट चिकटत नाही, म्हणून जुने पूर्ण खरवडून काढावे लागते.

ॲक्रिलिकचे तुकडे चिकटविण्याची रीत वेगळी आहे. द्रावकाने दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. काम उत्तम झाले तर जोड जवळजवळ मूळ पदार्थाइतका बळकट होतो. मात्र त्यासाठी कडा अचूक कापलेल्या हव्यात आणि कारागीर कसलेला हवा. जोडात हवेचे बुडबुडे दिसत असतील, तर ती टाकी स्वीकारू नये. ॲक्रिलिकचे 'कास्ट' आणि 'एक्स्ट्रुडेड' असे दोन प्रकार मिळतात. एक्स्ट्रुडेड स्वस्त असते. परंतु द्रावक लागताच त्यात केसासारख्या बारीक भेगा पडण्याचा धोका अधिक असतो. मत्स्यालयासाठी कास्ट प्रकारच घ्यावा. नामफलक तयार करणारा प्रत्येक कारागीर शेकडो लिटर पाणी पेलणारी टाकी करू शकेलच असे नाही.

वजन कोठे मोजावे?

ॲक्रिलिक हलके, म्हणून स्लॅबवर भार कमी पडतो, असे सांगितले जाते. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. वर उल्लेखिलेल्या आकाराच्या 12 मिलिमीटर काचेच्या रिकाम्या टाकीचे वजन सुमारे 125 किलो, तर तेवढ्याच जाडीच्या ॲक्रिलिक टाकीचे सुमारे 60 किलो भरते. पाणी, वाळू, दगड आणि स्टँड धरल्यावर काचेच्या मत्स्यालयाचा एकूण भार पावणेनऊशे किलोंच्या आसपास जातो. त्यात 65 किलोंचा फरक म्हणजे जेमतेम सात टक्के. स्लॅबला जड होते ते पाणी.

हा भार अवघ्या बारा चौरस फुटांवर येतो. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे आठशे किलो. निवासी खोल्यांच्या स्लॅबची आखणी करताना भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागानुसार दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो चल भार धरला जातो. याचा अर्थ टाकी ठेवताच स्लॅब खचेल असा नव्हे, कारण भार आजूबाजूला विभागला जातो. परंतु टाकी खोलीच्या मध्यभागी किंवा पुढे काढलेल्या बाल्कनीत ठेवणे टाळावे. ती भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी आणि इमारतीचा आराखडा दाखवून स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला घ्यावा. या सल्ल्याचा खर्च टाकीच्या तुलनेत किरकोळ असतो.

हलकेपणाचा खरा लाभ टाकी घरात नेताना होतो. 125 किलोंची तयार टाकी जिन्याने चढविणे जोखमीचे असते. त्यावर उपाय असा, की काचेची तावदाने सुटी आणून टाकी दिवाणखान्यातच जोडता येते. दर्शनी तावदान सुमारे 33 किलोंचे असते. ते दोघांना उचलता येते. ॲक्रिलिकची टाकी बहुधा कार्यशाळेतच तयार होते, त्यामुळे ती लिफ्टमध्ये आणि दारातून जाईल की नाही, हे आधी फूटपट्टीने मोजून पाहावे.

दृश्य आणि देखभाल

पारदर्शकतेत ॲक्रिलिक सरस आहे. जाड काचेला तिच्यातील लोहामुळे हिरवट छटा येते. 12 मिलिमीटरला ती फारशी जाणवत नाही. 19 मिलिमीटरला जाणवते. कमी लोहाची काच घेऊन हा दोष टाळता येतो, अर्थात किंमत वाढते.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र काच निर्विवाद पुढे आहे. तिच्यावरील शेवाळ पात्याने खरवडता येते. ॲक्रिलिकवर स्पंजमध्ये अडकलेला वाळूचा एखादा कणही लांब ओरखडा उमटवून जातो. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेली काच पुसण्याची द्रावणे ॲक्रिलिकला लावल्यास त्यावर सूक्ष्म भेगांचे जाळे उमटू शकते. घरकामासाठी येणाऱ्या व्यक्तीला हे आवर्जून सांगून ठेवावे. ओरखडे घासून, पॉलिश करून घालविता येतात, ही ॲक्रिलिकची जमेची बाजू. काचेवरचा खोल ओरखडा सहसा कायमचाच राहतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचे तर 160 लिटर पाणी लागते. त्यासाठी कूपनलिकेचे किंवा टँकरचे जड पाणी वापरल्यास पाण्याच्या रेषेवर क्षारांचे पांढरे पट्टे बसतात. काचेवरून ते खरवडून काढणे सोपे असते, ॲक्रिलिकवर तेच काम जपून करावे लागते. उष्णतेच्या बाबतीत ॲक्रिलिक चांगले निरोधक असल्याने हिवाळ्यात हीटरवरचा ताण थोडा हलका होतो. उन्हाळ्यात मात्र पंप आणि दिव्यांची उष्णता आत कोंडली जाते.

सार्वजनिक मत्स्यालयांचा धडा

जगातील भव्य मत्स्यालयांनी ॲक्रिलिक स्वीकारले आहे. जपानमधील ओकिनावा येथे 2002 मध्ये सुरू झालेल्या चुराउमी मत्स्यालयाची मुख्य खिडकी 22.5 मीटर रुंद, 8.2 मीटर उंच आणि 60 सेंटिमीटर जाड ॲक्रिलिकची आहे. मुंबईत 1951 मध्ये उभ्या राहिलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात 2015 च्या नूतनीकरणाच्या वेळी बारा फुटांचा ॲक्रिलिकचा बोगदा बसविण्यात आला होता. वक्राकार भिंती आणि अशी प्रचंड जाडी काचेत साधणे कठीण असते.

तथापि ॲक्रिलिक म्हणजे अभेद्य असा अर्थ काढू नये. बर्लिनमधील एका हॉटेलातील 'ॲक्वाडोम' हे सुमारे दहा लाख लिटर क्षमतेचे गोलाकार ॲक्रिलिक मत्स्यालय 16 डिसेंबर 2022 रोजी पहाटे अचानक फुटले. दोन जण जखमी झाले आणि सुमारे पंधराशे माशांपैकी बहुतेक दगावले. पुढील वर्षी आलेल्या तज्ज्ञांच्या अहवालातही नेमके कारण निश्चित होऊ शकले नाही. घरगुती टाकीशी त्याची तुलना होत नसली, तरी पदार्थावर विसंबून देखरेख सैल करू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो.

निवड कशी करावी?

सरळ आयताकृती, दोन फुटांपर्यंत उंचीची आणि सहा ते आठ फूट लांबीची टाकी हवी असेल, तर काच हीच योग्य निवड होय. ती स्वस्त पडते, ओरखड्यांना दाद देत नाही, घरातच जोडता येते आणि दुरुस्तही होते. वक्राकार टाकी, अडीच फुटांहून अधिक उंची, घरात आदळआपट करणारी लहान मुले किंवा तयार टाकी वरच्या मजल्यावर चढविण्याची अडचण असेल, तर वाढीव खर्च आणि नाजूक देखभाल स्वीकारून ॲक्रिलिकचा विचार करावा.

निवड कोणतीही असो, काही पथ्ये दोन्हींना समान आहेत. स्टँड भक्कम आणि पाणसळीने तपासून समतल केलेला असावा. काचेच्या टाकीखाली थर्मोकोलचा ताव द्यावा. ॲक्रिलिकच्या तळाला सर्वत्र सपाट आधार मिळेल असे पाहावे. टाकी काठोकाठ भरून किमान दोन दिवस ठेवावी, प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवून ओल तपासावी आणि मगच मासे सोडावेत. पुढेही महिन्यातून एकदा जोड आणि स्टँड पाहण्याची सवय ठेवावी. एवढी काळजी घेतली, तर दिवाणखान्यातील मासे पाहण्याचा आनंद घरच्यांना मिळेल आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनाही निर्धास्त राहता येईल.