पतअहवाल (भारत)

पतअहवाल म्हणजे एखाद्या व्यक्तीने बँका, वित्तसंस्था व क्रेडिट कार्ड कंपन्या यांच्याकडून घेतलेल्या कर्जांची आणि त्यांच्या परतफेडीची एकत्रित नोंद होय. भारतात अशी नोंद ठेवणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते. सिबिल ही यांतील सर्वांत जुनी कंपनी असल्याने बोलण्यात अहवाल आणि गुणांक या दोहोंनाही सरसकट ‘सिबिल’ म्हटले जाते. कर्जाचा अर्ज आला की बँक हा अहवाल मागवते. ज्याच्याविषयी तो असतो, त्याने मात्र तो बहुधा कधी पाहिलेला नसतो. त्यामुळे त्यातील चूक अर्ज नामंजूर झाल्यावरच प्रथम लक्षात येते.

इतिहास आणि कायदा

‘बाजारात पत असणे’ हा मराठीतील जुना वाक्प्रचार आहे. सावकार किंवा पेढीवाला ऋणकोला व त्याच्या घराला ओळखत असे आणि पत त्या ओळखीवर ठरे. बँकव्यवहार वाढल्यावर ही ओळख उरली नाही. एका बँकेचे कर्ज थकवून दुसरीकडे नवे कर्ज घेणाऱ्याची माहिती बँकांना परस्परांकडून सहज मिळत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी सिद्दीकी समितीच्या शिफारशींनंतर ऑगस्ट २००० मध्ये ‘क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड’ म्हणजे सिबिल ही कंपनी स्थापन झाली. पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ हा कायदा १४ डिसेंबर २००६ पासून अमलात आला. जानेवारी २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व पतसंस्थांना, म्हणजे कायद्याच्या परिभाषेत कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्थांना, चारही कंपन्यांचे सभासद होण्यास सांगितले.

महाराष्ट्रातील वाचकाचा येथे गोंधळ होण्याचा संभव आहे. गावोगावच्या सहकारी पतसंस्था या बँका नव्हेत आणि त्यांचे कर्ज सहसा या अहवालात दिसत नाही. सहकारी बँका मात्र कायद्याच्या व्याख्येत स्पष्टपणे येतात.

अहवालातील मजकूर

अहवालाच्या आरंभी नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक, पत्ते व दूरध्वनी क्रमांक असतात. त्यापुढे प्रत्येक कर्जखात्याचा तपशील येतो : कर्जाचा प्रकार, मंजूर रक्कम, शिल्लक, थकबाकी आणि खाते उघडल्याची व बंद झाल्याची तारीख. शेवटी कोणत्या संस्थेने केव्हा व कशासाठी चौकशी केली, याची यादी असते. बचत खात्यातील शिल्लक, मुदत ठेवी व इतर गुंतवणूक यांचा त्यात समावेश नसतो. म्हणूनच आयुष्यभर काटकसरीने राहून कधीही कर्ज न घेतलेल्या माणसाचा अहवाल कोराच राहतो.

गुणांक हा या माहितीवरून गणिती सूत्राने काढलेला आकडा असून तो ३०० ते ९०० या दरम्यान असतो. प्रत्येक कंपनीचे सूत्र निराळे असल्याने एकाच व्यक्तीचे चार गुणांक वेगवेगळे येऊ शकतात. अनेक बँका ७५० च्या वरचा गुणांक चांगला मानतात. रिझर्व्ह बँकेने मात्र कर्जमंजुरीसाठी कोणताही किमान गुणांक ठरवून दिलेला नाही.

अहवाल मिळवणे

१ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक व्यक्तीला प्रत्येक कंपनीकडून दर वर्षी एक संपूर्ण अहवाल गुणांकासह विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. त्यापूर्वी त्यासाठी शुल्क भरावे लागे. कंपन्या चार असल्याने वर्षाकाठी चार विनामूल्य अहवाल मिळू शकतात; ते एकदम न घेता दर तीन महिन्यांनी एक घेतला, तर वर्षभर लक्ष राहते.

कंपनीच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पॅन व मोबाइल क्रमांक भरल्यावर मोबाइलवर ओटीपी येतो. ओळख पटवण्यासाठी काही वेळा जुन्या कर्जाविषयी प्रश्नही विचारले जातात. विनामूल्य अहवालाचा दुवा संकेतस्थळावर ठळकपणे द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तरीही सशुल्क वर्गणीच्या योजना तितक्याच ठळकपणे समोर येतात आणि घाईत त्यांवर बोट पडते. वर्षातून एकदा अहवाल पाहण्यासाठी वर्गणीची गरज नाही. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होतो, हा समजही निराधार आहे. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेने केलेली चौकशी तेवढी मोजली जाते, आणि थोड्या काळात अनेक ठिकाणी अर्ज केल्यास गुणांकावर परिणाम होतो.

अहवाल तपासणे

पहिली नजर नावावर टाकावी. ‘चौधरी’ हे आडनाव रोमन लिपीत अनेक तऱ्हांनी लिहिले जाते. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलण्याची रीत आहे आणि जुन्या खात्यावर माहेरचे नाव तसेच राहते. अशा कारणांनी एकाच व्यक्तीची खाती दोन अहवालांत विभागली जातात किंवा समान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे कर्ज आपल्या अहवालात येऊन बसते. पॅन व जन्मतारीख अक्षरशः जुळवून पाहणे हाच त्यावर उपाय आहे.

दुसरी बाब खात्याशी असलेल्या नात्याची. खाते वैयक्तिक, संयुक्त की जामीनदार म्हणून, हे तेथे नमूद असते. सहकाऱ्याच्या किंवा भावकीतील कोणाच्या कर्जाला जामीन राहणे आपल्याकडे शब्दाखातर केले जाते आणि पुढे विसरले जाते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. त्या कर्जाची थकबाकी जामीनदाराच्याही अहवालात उमटू शकते. निवृत्तीनंतर घरदुरुस्तीसाठी कर्ज मागायला गेलेल्या माणसाला वीस वर्षांपूर्वीची सही आठवते ती अशी.

प्रत्येक खात्याखाली महिनावार परतफेडीचा तक्ता असतो. सिबिलच्या अहवालात तो ३६ महिन्यांचा असतो. त्यातील ‘०००’ म्हणजे थकबाकी नाही. ‘०३०’ सारखा आकडा हप्ता किती दिवस थकला ते दाखवतो, तर ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलेली नाही. ‘सेटल्ड’ हा शब्द विशेष फसवा आहे. ‘प्रकरण मिटले’ असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात बँकेने येणे रकमेपेक्षा कमी घेऊन खाते मिटवले, असा तो शेरा आहे आणि पुढील बँक त्याकडे प्रतिकूल दृष्टीनेच पाहते. ‘रिटन ऑफ’ म्हणजे कर्ज माफ झाले, असेही नव्हे. बँकेने ते हिशेबातून निर्लेखित केले, एवढेच. पूर्ण फेडलेले कर्ज ‘क्लोज्ड’ दिसले पाहिजे. तसे नसेल, तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला शोधून ठेवावा.

न घेतलेले कर्ज किंवा न केलेली चौकशी आढळल्यास कागदपत्रांचा गैरवापर झाल्याची शक्यता असते. पॅनची छायाप्रत आपण किती ठिकाणी देतो, हे पाहता ही शक्यता क्षुल्लक मानू नये. अशा वेळी संबंधित संस्थेला लेखी कळवून पोलिसांकडेही तक्रार नोंदवावी.

दुरुस्ती

पतमाहिती कंपनी स्वतः माहिती निर्माण करीत नाही. बँकेने पाठवलेली माहिती ती साठवते. कायद्याच्या कलम २१ नुसार दुरुस्तीची मागणी कंपनीकडे करता येते, परंतु संबंधित बँकेने ती योग्य असल्याचे प्रमाणित केल्याशिवाय कंपनीला नोंद बदलता येत नाही. त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवताना बँकेलाही पुराव्यांसह लेखी कळवणे हिताचे ठरते. पोच आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा, कारण मुदत तेथून मोजली जाते.

तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केला व तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. दुरुस्त माहिती कंपनीला पाठवण्यासाठी बँकेला यातील २१ दिवस मिळतात. विलंब ज्याच्याकडून झाला, त्याने भरपाई द्यायची असते. अहवाल कोणी पाहिल्यास ग्राहकाला लघुसंदेश किंवा ई-मेल जावा, हेही त्याच वेळी बंधनकारक झाले. पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या असून समाधान न झाल्यास तेथे विनाशुल्क तक्रार करता येते. वाद न्यायालयात, न्यायाधिकरणात किंवा लवादापुढे प्रलंबित असेल, तर मात्र निकालापर्यंत नोंद बदलली जात नाही.

कोरा अहवाल आणि पीककर्ज

पूर्वी कर्ज घेतलेले नाही एवढ्याच कारणाने प्रथम अर्ज करणाऱ्याला नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नये, असे महाराष्ट्र शासनानेही राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांत बँकांना वारंवार बजावले आहे. तरीही शाखांमध्ये गुणांक विचारला जात असल्याच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी येत राहिल्या आहेत.