शलातुर ते नंदुरबार : शब्द फोडून पाहण्याची कथा

नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा नवापूरच्या महाविद्यालयात बी.ए.ला इंग्रजी हा विशेष विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे कधी ना कधी 'मॉर्फॉलॉजी', म्हणजे शब्दरचनाशास्त्र, येऊन उभे राहते. 'अनहॅपीनेस'चे तीन तुकडे करा. 'कॅट', 'डॉग' आणि 'बस' या शब्दांची अनेकवचने करताना प्रत्यय एकच असला तरी उच्चार तीन का होतात, ते सांगा. बरेच विद्यार्थी हे सारे पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. हे शास्त्र साहेबाचे, आपल्या भाषेशी त्याचा काय संबंध, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत इतिहासाला धरून नाही, एवढेच आम्हाला येथे दाखवायचे आहे.

इंग्रजांनाही आपल्या भाषेचे व्याकरण आयते मिळाले नव्हते. विल्यम बुलोकर यांनी १५८६ मध्ये इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण लिहिले, ते लॅटिन व्याकरणाच्या साच्यात बसवून. पुढे दोनशे वर्षे हाच साचा चालला. मूळचे अमेरिकन, पण इंग्लंडात स्थायिक झालेले लिंडले मरे यांचे व्याकरण १७९५ मध्ये निघाले आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या. वर्णविचार, शब्दविचार, वाक्यविचार आणि छंदोविचार असे त्याचे चार भाग होते. त्यात शब्दांच्या जाती आणि त्यांची रूपे होती. पण शब्दाच्या पोटात शिरून त्याचे घटक वेगळे करण्याची पद्धत म्हणावी अशी तेथे फारशी नव्हती.

आणि गंमत पाहा. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यापुढे नमुना होता तो याच मरेंच्या पुस्तकाचा. दादोबांना आपण 'मराठीचे पाणिनी' म्हणतो, पण या पाणिनींनी मांडणी मात्र इंग्रजी वळणाची स्वीकारली. शाळांना सुटसुटीत पुस्तक हवे होते, तेव्हा त्यात त्यांचा दोष नाही. आजही आपल्या शाळेत व्याकरण शिकवताना जो क्रम येतो, त्यात या वळणाच्या खुणा दिसतात.

त्याच सुमारास खरे पाणिनी मात्र उलट्या दिशेने प्रवासाला निघाले होते. वायव्येकडील शलातुर या गावच्या, इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या या माणसाने जवळजवळ चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधली. शब्द हा धातू आणि प्रत्यय यांच्या जोडणीतून घडतो, आणि जोडणीच्या जागी होणारे बदल नियमाने सांगता येतात, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. चार्ल्स विल्किन्स यांचे इंग्रजीतील संस्कृत व्याकरण १८०८ मध्ये निघाले. १८१६ मध्ये जर्मनीच्या फ्रान्झ बॉप यांनी संस्कृत क्रियापदांचे धातू आणि प्रत्यय सुटे करून ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मन रूपांशेजारी मांडून दाखवले. १८३९-४० मध्ये ओटो बोटलिंक यांनी पाणिनीची सूत्रेच युरोपात छापली. शब्द फोडून पाहण्याची दृष्टी युरोपीय पंडितांना मिळाली त्यात या ग्रंथांचा वाटा मोठा आहे. १८८० च्या सुमारास पोलंडचे बोदुएं द कुर्तने यांनी अर्थयुक्त अशा लहानात लहान घटकाला 'मॉर्फीम' हे नाव दिले. मराठीत आपण त्याला रूपिम किंवा पदिम म्हणतो.

यानंतरचे नाव अमेरिकेच्या लिओनार्ड ब्लूमफील्ड यांचे. १९१३-१४ मध्ये ते जर्मनीत शिकले, संस्कृत व्याकरणात रमले, आणि १९२७ मध्ये पाणिनीच्या काही सूत्रांवर त्यांनी लेखही लिहिला. १९३३ च्या त्यांच्या 'लँग्वेज' या पुस्तकात एक अडचण येते. 'शीप' म्हणजे मेंढी, आणि अनेक मेंढ्या असल्या तरी 'शीप'च. मग अनेकवचनाचा प्रत्यय गेला कोठे? तेथे शून्य प्रत्यय आहे असे माना, म्हणजे नियम अबाधित राहतो, असे ब्लूमफील्ड सांगतात. आणि ही युक्ती प्राचीन भारतीय वैयाकरणांची आहे हेही मोकळेपणाने कबूल करतात. पाणिनींचा 'लोप' तो हाच. प्रत्यय असतो, फक्त दिसत नाही! मराठीत 'एक दगड, चार दगड' म्हणताना आपण हाच शून्य वापरतो.

आता तीन उच्चारांचे कोडे. अनेकवचनाचा तो प्रत्यय 'कॅट'च्या ट नंतर 'स' ऐकू येतो, 'डॉग'च्या ग नंतर 'झ'सारखा, आणि 'बस'नंतर मध्ये एक स्वर घेऊन 'इझ'. ट अघोष म्हणून प्रत्ययही अघोष. ग घोष म्हणून तोही घोष. शेवटच्या जागी स ला स लागून आला असता तर उच्चारणे कठीण, म्हणून स्वर मध्ये पडला. 'वाक्' आणि 'ईश' मिळून 'वागीश' होताना क चा ग होतो, तो याच घोष-अघोष नात्यामुळे. आठवीच्या मुलाला संधी शिकवणाऱ्या शिक्षकाने हे इंग्रजी उदाहरण फळ्यावर शेजारी लिहिले, तर पुढे महाविद्यालयातील निम्मे ओझे उतरेल असे आम्हाला वाटते. समासांचे तर नावही बदललेले नाही. 'रेडहेड' म्हणजे लाल डोके नव्हे, लाल केसांची व्यक्ती. आणि इंग्रजी पाठ्यपुस्तके अशा शब्दाला 'बहुव्रीहि' असेच म्हणतात.

महाराष्ट्रात या नव्या भाषाविज्ञानाला बळ मिळाले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५४ पासून भरलेल्या प्रशिक्षण वर्गांमुळे. अशोक केळकर यांनी कॉर्नेल विद्यापीठात १९५८ मध्ये पीएच.डी. मिळवली ती मराठीच्या ध्वनी आणि रूपविचारावर. खानदेशातील महाविद्यालये तेव्हा पुणे विद्यापीठाकडे होती. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे.

म्हणजे इंग्रजीच्या वर्गात बसलेल्या मुलाची घरची भाषा बहुधा मावची, पावरी, देहवाली किंवा अहिराणी असते. मराठी शाळेत तिला 'अशुद्ध' ठरवलेले त्याने ऐकलेले असते. पण ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला, तो भिल्ली भाषा आणि खानदेशी यांनाच वाहिलेला आहे. नॉर्वेचे स्टेन कोनो यांनी तो सिद्ध केला. नमुने सरकारी कामगारांमार्फत जमवलेले, त्यामुळे त्यांत उणिवा राहिल्या, आणि खानदेशीच्या वर्गीकरणाबद्दल पुढे वादही झाले. तरीही या बोलींना व्याकरण आहे हे त्यात छापून आले.

अहिराणी बोलणाऱ्या मुलाला 'घरात'चे अहिराणी विचारा. तो 'घरमा' म्हणेल. 'रामचा'चे 'रामना' होईल. मराठीत 'त' लागण्यापूर्वी 'घर'चे 'घरा' व्हावे लागते, ज्याला आपण सामान्यरूप म्हणतो. अहिराणीत मूळ शब्द जसाच्या तसा राहतो आणि 'मा' अलगद चिकटतो. तुकडे पाडण्यासाठी 'अनहॅपीनेस'पेक्षा हे उदाहरण सोपे आहे. शिवाय एकाच शब्दाची 'घर' आणि 'घरा' अशी दोन रूपे म्हणजे काय, हे त्याला मराठीशी तुलना करूनच कळते. मावची आणि पावरीची अशी उदाहरणे मात्र आम्ही देणार नाही. ती वर्गातल्या मुलांनीच द्यावीत. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये मराठीत निघाला आहे. मुलांनी दिलेली रूपे त्यातील नोंदींशी ताडून पाहता येतील, आणि जेथे फरक पडेल तेथे गाव कोणते, तालुका कोणता, हे वहीत लिहून ठेवावे.