‘ला’ आणि ‘ल्हा’

नकाशावर बोट ठेवून रात्रीच्या निवांत प्रहरी लडाखच्या मुलखातून मनाने हिंडणारा आणि प्रत्यक्ष प्रस्थानाचा मुहूर्त वर्षानुवर्षे पुढे ढकलीत आलेला जो मराठी मनुष्य, त्याला झोजी ला, फोतू ला, खारदुंग ला, चांग ला ही नावे केव्हाच मुखोद्गत झालेली असतात. परंतु त्या प्रत्येकाच्या अखेरीस उभ्या असलेल्या एकाक्षराकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. तिबेटी भाषेत ‘ला’ म्हणजे खिंड. लडाख या नावाचा अर्थही ‘खिंडींचा मुलूख’ असाच सांगितला जातो. तेव्हा ‘झोजी ला खिंड’ ही द्विरुक्तीच होय.

‘ल्हा’ मात्र सर्वस्वी निराळा. त्याचा अर्थ देव. म्हणून ल्हासा ही देवभूमी. आणि मला अतिशय रम्य वाटते ते हे, की पताकांनी वेढलेल्या त्या उंच ‘ला’वर, दमछाक करणारी चढण संपवून पोहोचलेला वाटसरू ‘ल्हा ग्यालो’, म्हणजे देवांचा विजय असो, असा घोष करतो, आणि दोन्ही शब्द तेथे एकाच श्वासात भेटतात.

जेम्स हिल्टन यांनी 1933 साली कादंबरीत कल्पिलेल्या ‘शांग्रिला’च्या शेवटीही हाच ध्वनी आहे, पुढे 2001 मध्ये चीनने युन्नानमधील झोंगदियानला ते नाव बहाल केले. पण स्वप्नच पाहायचे तर कादंबरीतल्या खिंडीचे कशाला? वाचकहो, खऱ्या खिंडींची नावे शुद्ध उच्चारायला शिका, आणि मग निघा.